पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या

चष्मा असला की पायलट होता येत नाही, हा गैरसमज आहे. चष्म्याने नजर ठरलेल्या मापात येत असेल तर चालतं. रंग ओळखण्याचीही तपासणी होते.

आधी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरकडे ‘क्लास २’ तपासणी, नंतर व्यावसायिक लायसन्ससाठी ‘क्लास १’. जुना आजार, ऑपरेशन, चालू गोळ्या यांचे कागद सोबत न्या. काही लपवू नका. पुढे उघड झालं तर लायसन्स अडकतं.

‘तात्पुरते अनफिट’ शेरा आला तर घाबरू नका, उपचार घेऊन पुन्हा तपासणी होते. ‘कायमचे अनफिट’ ठरवलं तर अपील करता येतं.

प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात. म्हणून शेत गहाण ठेवण्याआधी दोन्ही तपासण्या उरकून घ्या.