चार बशा, चार वाडगे

इतिहासकारांची दृष्टि सहसा दरबारी मेजवान्यांवर खिळलेली असते; घरच्या पंक्तीकडे ती क्वचितच वळते. तथापि पाहुण्यांसाठीं स्वहस्तें रांधलेल्या साध्या जेवणांतही इतिहासाचा मोठा अंश सांठलेला असूं शकतो. अशाच एका जेवणाची हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९२१ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पेकिंग शहरीं भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांच्या घरीं दोघे पाहुणे जेवावयास आले. एक हू शिह, म्हणजे बोलभाषेंतच वाङ्मय लिहिलें पाहिजे असा पक्ष मांडणारे विख्यात पंडित. दुसरी एक डॉक्टरीणबाई. स्वयंपाक डॉ. बूवेई यांग यांनीं स्वतः केला होता. चार बशा व चार वाडगे, सारे घरगुती पदार्थ. जेवण आटोपल्यावर यजमानांनीं एक हस्तलिखित कागद पुढें करून त्यावर साक्षीदार म्हणून सह्या करण्याची पाहुण्यांस विनंति केली. तो यजमान व बूवेईबाई यांच्या विवाहाचा लेख होता! वाजंत्री नाहीं, वऱ्हाड नाहीं, देणेंघेणें नाहीं. जेथें विवाह हा दोन कुळांचा व्यवहार मानला जाई, तेथें या उभयतांनीं एका जेवणासच विधीचें स्थान दिलें.

बूवेईबाई मूळच्या नानकिंगच्या. लहानपणीं ठरलेली सोयरीक त्यांनीं स्वतः मोडली होती. टोकियोस वैद्यक शिकत असतां तेथील अन्न रुचेना, म्हणून त्या स्वयंपाक शिकल्या. पेकिंगला त्यांनीं रुग्णालयही चालविलें. परंतु विवाहानंतर थोड्याच महिन्यांत पति हार्वर्ड येथें शिकवावयास निघाले आणि तो व्यवसाय मागें राहिला. रूढि झुगारणाऱ्या स्त्रीसही संसारानें ही किंमत द्यावयास लावली, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

पुढें १९३८ सालीं चाओ कुटुंब पुन्हां अमेरिकेस गेलें. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस त्या देशाचीं दारें बंद केलीं होतीं. तो कायदा १९४३ च्या अखेरीस रद्द झाला. बहुतेक अमेरिकनांस चिनी अन्न म्हणून ठाऊक असे तें खाणावळींतील 'चॉप सुई'. अशा वेळीं, १९४५ मध्यें, बाईंचें 'हाउ टु कुक अँड ईट इन चायनीज' हें पुस्तक निघालें. बाईंचें इंग्रजी बेताचें. भाषांतर कन्या रूलान हिनें केलें, आणि पतीनें त्यावर आपला हात फिरविला.

खरी अडचण शब्दांची होती. सर्व जिन्नस आधींच बारीक चिरून ठेवावयाचे, मग थोड्या तेलांत, प्रखर आंचेवर, सतत हलवीत कांहीं क्षणांतच उतरावयाचे, या क्रियेस इंग्रजींत नेमका शब्द नव्हता. आपलें 'परतणें' जवळचें खरें, परंतु त्यांत ही घाई नाहीं. 'स्टर-फ्राय' हा जोडशब्द या पुस्तकानें रूढ केला. आज तो इंग्रजी कोशांत आहे. परक्या देशांतील गृहिणीस चिनी जेवण आपल्या चुलीवर रांधून पाहुण्यांपुढें मांडतां येऊं लागलें. लेखिका पर्ल बक यांनीं तर या बाईंस शांततेचें नोबेल पारितोषिक द्यावें असें सुचविलें.

स्वतः बाईंस मात्र, आपण डॉक्टर असून रोगी तपासावयाचे सोडून पाककृति लिहीत बसलों, याची लाज वाटते असें त्या पुस्तकांत विनोदानें सांगतात. त्या विनोदाखालीं खरी खंत असावी असें आम्हांस वाटतें. रुग्णालय सुटलें याचें दुःख योग्यच. परंतु लाजेचें येथें कांहीं कारण नाहीं. ज्ञान हातांतून शब्दांत उतरविणें हेंच विद्वानाचें काम, आणि तें त्यांनीं चुलीपाशीं केलें.

त्या पुस्तकास एक प्रस्तावना हू शिह यांची आहे. चोवीस वर्षांपूर्वीं चार बशा व चार वाडगे जेवून ज्यांनीं विवाहलेखावर सही केली होती, त्याच पाहुण्यानें यजमानीणबाईंच्या स्वयंपाकास दुसऱ्यांदा साक्ष दिली.