कुर्गानचा अस्थिवैद्य

मोडलेले हाड जुळवावे, ते हलू देऊ नये आणि मग निसर्गाची वाट पाहावी, हा अस्थिवैद्यकाचा फार जुना दंडक. आपल्याकडचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून हेच करी आणि युरोपातील शल्यवैद्य प्लास्टर घालून हेच करी. तुकडे एकमेकांपासून ओढले गेले तर हाड सांधत नाही, याविषयी दोघांचेही एकमत होते. या एकमताला धक्का देणारा मनुष्य मॉस्कोत वा लंडनमध्ये निपजला नाही. तो सैबेरियातल्या एका खेड्यात निपजला, हे आम्हांला विशेष वाटते.

गाव्रील इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे वैद्यकीय विद्यालय क्रिमियातून कझाकस्तानात हलले. १९४४ साली पदवी हाती पडताच त्यांची नेमणूक कुर्गान प्रांतातील दोल्गोव्का या खेड्यात झाली. रणांगणावरून जखमी सैनिक घरी परतत होते. कोणाचे हाड सांधलेले नाही, कोणाचे आतून सडते आहे, कोणाचा पाय आखूड झालेला. संशोधनाचा विषय इलिझारोव्हांना शोधावा लागला नाही. तो दवाखान्याच्या दारात कुबड्या टेकून उभा होता.

१९५१ च्या सुमारास त्यांनी आपले उपकरण सिद्ध केले. हाडातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तारा आरपार घालायच्या, त्या ताणून पायाभोवतीच्या पोलादी कड्यांना बांधायच्या आणि कडी आट्यांच्या दांड्यांनी जोडायची. सायकलच्या चाकाचे आरे पाहिलेल्यास यातले मर्म चटकन कळेल. ताणलेली तार बारीक असूनही भार पेलते. रोगी पलंगावर न पडता त्या पायावर चालू शकतो.

हे कडे मुळात तुकडे दाबून धरण्यासाठी होते. एका रोग्याने मळसूत्र उलटे फिरविले आणि दाबण्याऐवजी फट वाढली. त्या फटीत नवे हाड दिसले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण आमचा विश्वास इलिझारोव्हांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांवर अधिक. पाय लांबविण्याची खटपट बोलोन्याच्या कोदिविल्ला यांनी १९०५ सालीच प्रसिद्ध केली होती. पण एकदम जोर लावला की शिरा आणि मज्जातंतू बंड करतात. तेव्हा किती ओढावे आणि किती वेळा ओढावे, हा खरा प्रश्न होता. इलिझारोव्हांनी दिवसाला अर्धा, एक आणि दोन मिलिमीटर अशा गती तपासल्या. अर्ध्याने हाड वेळेपूर्वीच मिटू लागे. दोनाने नवे हाड नीट धरत नसे. एक मिलिमीटर योग्य ठरला, तोही एकदम नव्हे, तर चार हिश्शांनी. यंत्राने दिवसात साठ सूक्ष्म हिसके दिले तेव्हा फळ आणखी चांगले आले. मात्र हाड कापताना त्याचा रक्तपुरवठा जपावा लागे. हाडाबरोबर स्नायू, त्वचा, रक्तवाहिन्याही वाढत, हे तर अधिकच नवलाचे!

राजधानीतील पंडितांनी या खेडवळ वैद्याला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले. एका खेळाडूने तो उंबरा ओलांडून दिला. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळविणारे व्हालेरी ब्रुमेल १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात सापडले. अनेक शस्त्रक्रिया फसल्या. १९६८ साली ते कुर्गानला आले, बरे झाले आणि पुन्हा उड्या मारू लागले. देशभर बोभाटा झाला. १९७१ साली कुर्गानला स्वतंत्र संशोधनसंस्था उभी राहिली.

तरीही पश्चिमेला पत्ता नव्हता. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी वर्षानुवर्षे मोडका पाय ओढीत होते. थोर हायरडाल यांच्या पपायरसच्या नौकेवरील त्यांचे सोबती, सोव्हिएत डॉक्टर युरी सेंकेविच, यांनी त्यांना कुर्गानची वाट दाखविली. १९८० मध्ये गेलेले माउरी धड पायाने परतले तेव्हा इटालियन डॉक्टर चकित झाले. पुढल्याच वर्षी कोमो सरोवराकाठच्या बेलाज्जो येथे इलिझारोव्हांनी त्यांच्यापुढे व्याख्याने दिली. पायाला अशी कडी घातलेला रोगी आज पुण्यामुंबईच्या रुग्णालयांतही नवलाचा राहिलेला नाही.

कुत्र्यांवरील त्या प्रयोगांचे सविस्तर इंग्रजी निबंध मात्र १९८९ साली निघाले. इलिझारोव्ह १९९२ च्या जुलैत वारले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांच्या खालच्या जबड्याची हाडे याच रीतीने, रोज थोडी थोडी ओढून, लांबविल्याचे प्रसिद्ध केले.