काळी म्हणतात ती नारिंगी पेटी

विमान पडले की "काळी पेटी सापडली" ही बातमी आपण ऐकतो. श्रोतेहो, ही पेटी मुळी काळी नसतेच. ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात.

तिची कथा ऑस्ट्रेलियातली. १९३४ साली बास सामुद्रधुनीवर 'मिस होबार्ट' हे विमान नाहीसे झाले. त्यात डेव्हिड वॉरन या नऊ वर्षांच्या मुलाचे वडील होते. त्यांनी मुलाला दिलेली शेवटची भेट म्हणजे एक स्फटिकाचा रेडिओ. मुलाला त्याचे वेडच लागले. पुढे तो रसायनशास्त्रज्ञ होऊन मेलबर्नच्या विमानसंशोधन शाळेत लागला.

१९५३-५४ मध्ये कॉमेट ही नवी प्रवासी जेट विमाने कोसळू लागली. एक तर आपल्या कलकत्त्याहून सुटले आणि काही मिनिटांतच वादळात मोडले. ४३ माणसे गेली. कारणे शोधण्याच्या चर्चेत वॉरनही होता. वैमानिकांचे अखेरचे बोलणे हाती लागले तर? त्याने यंत्र बनविले. पोलादी तारेवर चार तासांचे बोलणे आणि काही उपकरणांच्या नोंदी राहत. पण घरच्यांनाच त्याचे मोल कळले नाही, आणि वैमानिकांना तर तो हेर वाटला! १९५८ साली एका इंग्रज पाहुण्याने ते उचलून धरले. १९६० साली क्वीन्सलँडमध्ये मके येथे विमान समुद्रात पडून २९ जण गेले, कारण उमगले नाही. तेव्हा चौकशीच्या न्यायाधीशांनी अशा यंत्राची शिफारस केली. ते सक्तीचे करण्यात ऑस्ट्रेलिया पहिला.

आता आवाजही अपुरा पडू लागला आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला उड्डाण होताच विमान कोसळले, २६० जीव गेले. प्राथमिक अहवाल सांगतो की दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे खटके एकापाठोपाठ बंद स्थितीत गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, का बंद केले? दुसरा म्हणतो, मी नाही केले. कोणता आवाज कोणाचा, हे अहवालात नाही.

चालककक्षात चित्र टिपणारे यंत्र बसवा, अशी शिफारस अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने २००० सालीच केली होती. वैमानिकांच्या संघटनांचा विरोध आहे. तो अगदीच पोकळ नव्हे. वर्गात आमच्यावर दिवसभर असा डोळा रोखला, तर आम्हां मास्तरांना तरी आवडेल का? शिवाय मृताचे शेवटचे क्षण बाजारात येण्याचे भय आहेच. तरी माझे मत असे की चित्र घ्यावे, आणि ते केवळ तपास करणाऱ्यांच्या कुलपात राहावे. खटक्यावर कुणाचा हात होता की नव्हताच, हे आवाजावरून ताडत बसणे दोन्ही वैमानिकांच्या घरच्यांवर अन्यायाचे आहे.