साखर खाल्ल्यानं ‘शुगर’ होते का? वजन जास्त असणाऱ्यांसाठी समजून घेण्यासारखं

आदिलाबाद : पैनगंगेच्या अलीकडे असो की पलीकडे, मधुमेहाला आपल्याकडे सगळे ‘शुगर’च म्हणतात. मराठी घरातही आणि तेलुगू घरातही. त्यामुळे एक प्रश्न हमखास ऐकू येतो : साखर खाल्ली की शुगर होते का? सरळ उत्तर असं, की एकट्या साखरेनं होत नाही. पण वजन जास्त असेल, पोट सुटलेलं असेल, तर रोजची जास्तीची साखर माणसाला त्या वाटेवर लवकर नेते. ते कसं, याची माहिती इथं एकत्र दिली आहे.

प्रश्न किती मोठा?

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वात जास्त प्रमाण आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. पोटाचा लठ्ठपणा देशात ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला.

शरीरात काय होतं?

साखरेत निम्मा ग्लुकोज असतो आणि निम्मा फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जातो, तो पेशींत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. फ्रुक्टोज मात्र बहुतेक यकृतातच जातो. तो गरजेपेक्षा जास्त झाला, की यकृत त्याची चरबी बनवतं. काही चरबी यकृतातच साठते, यालाच ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. काही ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते. चरबी साठलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. काही वर्षांनी ते थकतं आणि रक्तातली साखर वाढू लागते. ज्याच्या पोटात आधीच चरबी आहे, त्याच्यात हे चक्र लवकर सुरू होतं.

२००९ मध्ये अमेरिकेत जास्त वजनाच्या प्रौढांना दहा आठवडे गोड पेयं देऊन पाहिलं. एका गटाला ग्लुकोजची, दुसऱ्याला फ्रुक्टोजची. वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं. पण फ्रुक्टोजच्या गटात पोटाच्या आतली चरबी जास्त वाढली आणि इन्सुलिनचा परिणाम कमी झाला. २०१२ मध्ये डेन्मार्कमध्ये सहा महिने रोज एक लिटर कोला पिणाऱ्यांच्या यकृतातली चरबी वाढली. तेवढंच दूध किंवा पाणी पिणाऱ्यांची तशी वाढली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एकूण उष्मांक तेवढेच ठेवून साखरेच्या जागी दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तर वजनात फारसा फरक पडत नाही. म्हणजे साखर सोडली आणि भाताचं ताट वाढवलं, तर उपयोग नाही.

चहाचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मर्यादा सांगितली : वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २,००० उष्मांक खाणाऱ्यासाठी ही ५० आणि २५ ग्रॅम होते.

आता हिशोब करा. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डात दिवसभर थांबलेल्या माणसाचे पाच कप सहज होतात. झाले ५० ग्रॅम! त्यावर एक २५० मिलिची थंड पेयाची बाटली, म्हणजे अजून सुमारे २६ ग्रॅम. बिस्किटं, जिलेबी, लग्नाचं जेवण वेगळंच.

गूळ चालतो, असं बरेच जण समजतात. पण गुळातही मुख्यतः साखरच असते, उष्मांकही जवळपास तेवढेच. मध आणि फळांचा रस याच हिशोबात धरायचे. अख्खं फळ वेगळं, त्यात चोथा असतो, साखर हळू उतरते.

काट्यापेक्षा टेप बघा

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. अंगानं बारीक दिसणाऱ्या भारतीयातही चरबी जास्त असू शकते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायांना ८० सेंमी.

कोणत्या तपासण्या?

- उपाशीपोटी साखर : १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ पासून मधुमेह
- एचबीए१सी : ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह
- ट्रायग्लिसराइड : १५० च्या खाली हवेत
- रक्तदाब : १३०/८५ च्या खाली हवा

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तेलंगणात राहा की महाराष्ट्रात, ती चुकवू नका. सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही.

काय करता येईल?

आधी प्यायची साखर कमी करा. चहात दोनाचा एक चमचा, मग अर्धा. थंड पेयाऐवजी पाणी किंवा बिनसाखरेचं ताक. ताटात भात थोडा कमी, जवारीची भाकर, डाळ, भाजी जास्त. जेवणानंतर थोडं चालणं.

एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं एकदम तोडू नका. अशा माणसाला घाम सुटला, हात थरथरले, तर साखर खूप उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.