घोंगडीची खोळ आणि स्वेटरची बाही

हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली ह्या गावी दसरा आणि दिवाळी ह्यांच्या मधल्या दिवसांत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून व कर्नाटकातून धनगर मंडळी तेथे मेंढरांची वाट सोडून येतात, ढोल वाजतात आणि भंडाऱ्याच्या उधळणीने सारा गाव पिवळा होऊन जातो. ह्या यात्रेत पहाटेच्या वेळी आम्ही एक वृद्ध मेंढपाळ पाहिला. डोक्यास मुंडासे, कमरेस धोतर, खांद्यावर चौपदरी घडी करून टाकलेली काळी घोंगडी. आणि अंगात एक निळा, छातीवर पांढरे चौकट विणलेला, यंत्रावर तयार झालेला स्वेटर. स्वेटर अंगात होता, घोंगडी खांद्यावर होती. थंडी राखण्याचे काम स्वेटरकडे गेले होते आणि घोंगडी केवळ धनगरपणाची खूण म्हणून उरली होती. ज्याच्या पूर्वजांनी दक्षिणेतील निम्म्या गावांस लोकर पुरविली, त्याच्या अंगावरच्या त्या निळ्या वस्त्रात मेंढीच्या लोकरीचा एक तंतूही नसावा, हे त्याच्या चकाकीवरूनच कळत होते. ही अदलाबदल कशी झाली, तीत काय मिळाले आणि काय गेले, ह्याचा थोडा विचार करावा असे त्या दिवसापासून आमच्या मनात होते.

आपल्या भाषेने ह्या दोन वस्त्रांत फारसा भेद केलेला नाही. घोंगडीही विणतात आणि स्वेटरही विणतात, क्रियापद एकच. पण दोन्ही कृती मुळातच निराळ्या आहेत. घोंगडीत उभे धागे ताणून बसविलेले असतात आणि त्यांतून आडवा धागा जातो. म्हणून ती ताठ, चौकोनी आणि अंगाच्या आकाराविषयी पूर्ण उदासीन असते. स्वेटर हा एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेला असतो, म्हणून तो ताणतो, आखडतो आणि अंगाला बिलगतो. घोंगडीस आकार नेसणारा देतो. स्वेटरास तो विणणारा अगोदरच देऊन ठेवतो. आमच्या मते दोहोंच्या इतिहासातील सगळे अंतर ह्या एका गोष्टीत साठविलेले आहे.

घोंगडीचे काम अनेक हातांचे. मेंढरे ओढ्यावर धुऊन वर्षातून दोन वेळा कातरावयाची. दक्षिणी मेंढीपासून वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते, म्हणजे एका घोंगडीस कित्येक मेंढ्या लागतात. कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीस मान मोठा आणि मोलही मोठे. लोकर पिंजणे व कातणे हे बहुधा धनगरांच्या घरातील स्त्रियांचे काम, विणणे सणगरांचे. कोल्हापूर शहरातील सणगर गल्ली हे नाव त्या व्यवसायाची आठवण आजही बाळगून आहे. मागावर चढविण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीमुळेच नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ व खरखरीत लागते, आणि वर्षे उलटतील तशी ती नरम पडत जाते. जुनी झाल्यावर जे वस्त्र अधिक चांगले होते, असे घोंगडीखेरीज फारसे कोणते आम्हांस आठवत नाही. आपल्याकडील वाकळ मात्र अपवाद म्हणून सांगता येईल.

आता ती वापरण्याच्या रीती पाहा. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्याकडे पाऊस बेताचा, तर पश्चिमेस गगनबावड्यास तो सहा हजार मिलिमीटरांच्याही पुढे जातो. ह्या प्रदेशात खरा शत्रू थंडी नव्हे, वाऱ्यासह येणारा पाऊस होय. त्यासाठी घोंगडीची खोळ करतात. घोंगडीचे एक टोक आत मुडपून तिला टोपडे आणावयाचे, ते डोक्यावर घ्यावयाचे आणि बाकीची पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडावयाची. हात मोकळे राहतात, वाकून भाताची लावण करता येते आणि पाणी पाठीवरून निथळते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही अंगास ओली लागत नाही, हे आज शास्त्राने सांगितले; खोळ घेणाऱ्यास ते पूर्वीपासून ठाऊक होते. थंडीच्या पहाटे हीच घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत लपेटली की ती बुंथी झाली. वाऱ्यात चालताना छातीवरून आडवी घेऊन मानेमागे गाठ मारली की गाती झाली. मुलांस तर पंचाची किंवा जुन्या लुगड्याच्या तुकड्याची गाती बांधूनच हिवाळ्यात शाळेस धाडीत. ऊन चढले की घडी करून खांद्यावर, बसावयाचे झाले की खाली, पाहुणा आला की त्याच्या पुढे पसरलेली, जागरणाच्या रात्री तिच्यावरच देवाचे टाक मांडलेले. एवढी कामे एकाच चौकोनी कापडाकडून करून घ्यावयाची तर हाताला कसब हवे, आणि ते कसब कोणी लिहून ठेवीत नसे. बाप खोळ घेताना पोराने पाहिले म्हणजे झाले.

घोंगडीचा दोषही सांगितला पाहिजे. पूर्ण भिजल्यावर ती विलक्षण जड होते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. जे प्रकरण निकालात निघत नाही त्यास आपण भिजत घोंगडे म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम वापरली त्याने ते ओझे खांद्यावर वागविले असले पाहिजे. सरकारी कचेऱ्यांतील मंडळी आज ती बोलतात तेव्हा त्यांतल्या कितीकांनी ओली घोंगडी उचलली असेल, हा प्रश्न निराळा.

लोकर गरिबांनीच वापरली असे मात्र नव्हे. दरबारी वर्गात बनात आणि सकलाद ही परदेशी लोकरीची कापडे होती, विद्वानांच्या व मानकऱ्यांच्या सन्मानास शालजोडी होती आणि सोवळ्यात धाबळी होती. कारण लोकरीस विटाळ मानीत नसत. पण ही सगळी वस्त्रेसुद्धा पांघरावयाची, लपेटावयाची किंवा कापून शिवावयाची. सुयांवर फासे घालून अंगाबरोबर वस्त्र विणण्याची कल्पना आपल्याकडे साहेबांबरोबर आली.

त्या कल्पनेचे घर म्हणजे उत्तरेकडील थंड समुद्रातील बेटे. जर्सी आणि गर्न्सी ही इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामधील दोन बेटे. तेथील कोळ्यांचे घट्ट विणीचे अंगरखे त्यांच्याच नावांनी ओळखले जाऊ लागले. जर्सी बेटावर हे विणकाम इतके बोकाळले की सुगीच्या दिवसांत विणीत बसू नये असा कायदा 1608 साली तेथे करावा लागला. ह्याच बेटाने जगास एक गायही दिली, आणि आमच्या कोल्हापुरात जर्सी म्हटले की दूध संघास दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे गोठाच उभा राहतो, कपड्यांची पेटी नव्हे. असो. पुढे क्रिमियाच्या युद्धाने ह्या वस्त्रास सरदारी नावे दिली. 1854 साली बालाक्लाव्हाच्या रणांगणावर घोडदळाचा तो प्रसिद्ध व अविचारी हल्ला ज्याने चालविला त्या अर्ल ऑफ कार्डिगनच्या नावावरून समोर बटणे असलेल्या स्वेटरास कार्डिगन म्हणतात. डोके, कान व मान झाकणाऱ्या विणलेल्या टोपीस त्या रणभूमीचेच नाव पडले. आपण तिला कानटोपी म्हणून मोकळे होतो. त्याच मोहिमेचा सेनापती लॉर्ड रॅग्लन ह्याचा उजवा हात 1815 साली वॉटर्लू येथे गेला होता. खांद्यावर शिवण न घेता गळ्यापासून तिरपी उतरणारी बाही त्याच्या नावावर आहे. गोळी आणि गारठा ह्यांनी गाजलेल्या त्या मोहिमेची कीर्ती शिंप्यांच्या दुकानात अशी टिकून राहिली आहे.

स्वेटर हा शब्द ह्या सगळ्यांनंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. त्याचा मूळ अर्थ घाम आणणारे वस्त्र. वजन उतरावे म्हणून खेळाडू ते अंगात घालून धावत. कोल्हापूरच्या तालमीतील मल्लास हे ऐकून हसू येईल. घाम काढण्यासाठी त्यास लाल माती, जोर आणि बैठका पुरेशा होत्या; शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात उतरताना त्याच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नसे. पण खेळाडूच्या वस्त्रास प्रतिष्ठा आणली ती एका राजपुत्राने. प्रिन्स ऑफ वेल्स 1921 साली हिंदुस्थानात आला असता शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यास त्याच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. महाराज 1922 च्या मे महिन्यात निवर्तले. आणि त्याच वर्षी हा राजपुत्र स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ खेळताना फेअर आयल बेटावरचा नक्षीदार, रंगीत स्वेटर घालून उभा राहिला. त्या लहानशा बेटावरील बायकांच्या विणीस एका दिवसात जगाची बाजारपेठ मिळाली असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही. पट्टणकोडोलीच्या घोंगडीस असा राजपुत्र कधी भेटला नाही.

आपल्याकडे स्वेटर दोन वाटांनी आला. एक वाट पलटणीची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात व दुसऱ्यात इटलीत मराठा पलटणी लढल्या, आणि सैनिकाची खाकी जर्सी ही अनेक गावांत ह्या जातीच्या वस्त्राची पहिली ओळख ठरली. दुसरी वाट मुलींच्या शाळेतील विणकामाच्या तासाची. सुलट टाका आणि उलट टाका एवढी दोन अक्षरे शिकली की ह्या लिपीत वाटेल ते लिहिता येते. आणि मध्यमवर्गातील स्त्रियांनी ते भरपूर लिहिले. लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर वाफेवर सरळ करून, धाकट्यासाठी पुन्हा विणावयाचा, ही काटकसर शिवलेल्या कापडात शक्य नव्हती.

तो घालावा कसा, ह्याचा मात्र प्रत्येकास आपल्या पोशाखाप्रमाणे निर्णय करावा लागला, आणि येथे आपल्या लोकांनी परकी वस्तू डोळस बुद्धीने घेतली असे आम्हांस वाटते. डोक्यावरून ओढून घालावयाचा पुलओव्हर फेटेवाल्या गृहस्थास निरुपयोगी. बांधलेला फेटा सोडून स्वेटर घालावा आणि पुन्हा फेटा बांधावा, तोवर ऊन चढावयाचे. म्हणून जुन्या पिढीने समोर बटणांचाच पत्करला. सदऱ्यावर स्वेटर आणि स्वेटरवर कोट, अशा क्रमाने. स्त्रियांचेही तेच. डोक्यावरून घातला तर अंबाडा विसकटतो आणि कुंकू पुसते. त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न होता, तो म्हणजे पदराचा. पदर स्वेटरच्या आत घेतला तर काठ झाकला जातो. बाहेर घेतला तर खांद्यावर ठरत नाही. ह्याचा एकमताने निकाल आजतागायत लागलेला नाही, पण कामावर जाणारी आत घेते आणि लग्नास जाणारी गारठा सोसते, असे आमचे निरीक्षण आहे. बिनबाह्यांचा, टोकदार गळ्याचा स्वेटर मास्तरांनी आणि कारकुनांनी उचलला, कारण खडू व टाक चालविण्यास हात मोकळा राहतो. गुऱ्हाळावर पहाटे चुलाण पेटविणाऱ्याने तोच घेतला, वर कानटोपी चढविली आणि जाळापुढे बसल्यावर दोन्ही काढून ठेवली. थोडक्यात, सोय पाहण्याची जी बुद्धी खोळ व गाती ह्यांत होती तीच येथेही चालली. तिला चालण्यास जागा मात्र कमी उरली होती.

ह्या घडामोडीत दक्षिणी मेंढी मागे पडली. तिची लोकर जाड, आखूड आणि केसाळ. मेरिनो मेंढीच्या तलम तंतूप्रमाणे ती मानेस व मनगटास सोसत नाही, म्हणून स्वेटरास चालत नाही. जो खरबरीतपणा खोळीवरून पाणी उतरवीत होता तोच आता अवगुण ठरला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक धागा आला आणि लुधियानाच्या कारखान्यांतील स्वेटर तिबेटी विक्रेत्यांच्या मांडवांतून हिवाळ्याच्या आरंभी शहराशहरांत दिसू लागले. ते स्वस्त, हलके व रंगीत होते. घेणाऱ्यास दोष देता येत नाही. त्याच सुमारास शेतात प्लॅस्टिकचा कागद आला, तो खोळीसारखाच डोक्यावरून पाठीवर सोडता येतो आणि भिजून जड होत नाही. घोंगडीस एका बाजूने स्वेटराने व दुसऱ्या बाजूने कागदाने असे घेरले. आज मेंढ्या कातरण्याचा खर्चही लोकरीतून निघत नाही. मांसासाठी कळप राहिले, आणि कातरलेली लोकर अनेक ठिकाणी तशीच टाकून दिली जाते. हिच्यापासून आता आसने, जाजमे व पिशव्या करण्याचे प्रयत्न काही ठिकाणी चालले आहेत. ते स्तुत्य आहेत, पण पिशवीला खोळ घेता येत नाही. लोकरीस गिऱ्हाईक मिळेल. त्या हाताच्या कसबाचे काय, ह्याचे उत्तर त्यांत नाही.

यात्रेच्या दिवशी दुपारी तो वृद्ध मेंढपाळ आम्हांस पुन्हा दिसला. देवापुढे भंडारा, खारीक आणि लोकर उधळण्याचा तेथे प्रघात आहे. आभाळातून मेंढीची खरी लोकर सर्वांच्या अंगावर पडत होती. त्याच्या घोंगडीवरची लोकर घोंगडीतच मिसळून दिसेनाशी झाली. निळ्या स्वेटरवर मात्र ते काळे-पांढरे पुंजके चिकटून बसले होते, आणि तो ते एकेक वेचून मुंडाशात खोवीत होता.