तळटीप : लुकबिहाइंडची लांबी
लुकबिहाइंडची, म्हणजे जुळणीच्या आधी काय असावे हे तपासणाऱ्या भागाची, लांबी ठरावीकच हवी, हे लेखकाचे विधान पायथॉनच्या ‘री’ मॉड्यूलपुरते खरे आहे. रेग्युलर एक्सप्रेशनचा तो सार्वत्रिक नियम नव्हे. ‘री’ ठरलेली अक्षरे मोजून मागे जाते आणि तिथून पुन्हा पुढे वाचते. म्हणून ‘रु.’नंतर कितीही मोकळ्या जागा चालतील, ही साधी अटही त्याला पेलत नाही. डॉटनेट मात्र हा भाग उजवीकडून डावीकडे जुळवते, आणि २०१८ पासून जावास्क्रिप्टच्या प्रमाणकातही तीच रीत आहे. तिथे हे बंधन उरत नाही. यावर वेगाचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढेल, या हमीसाठी गूगलच्या आरई२ने लुकबिहाइंड मुळातच वगळले. पण तशी हमी ‘री’ देतच नाही. तेव्हा त्याच्या बंधनाचे समर्थन वेगाच्या नावाने करता येत नाही.