भारतात पहिला, खात्यात ९०० युरो

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने पीटीआयला सांगितलं की त्याच्या बँक खात्यात ९०० युरो आहेत. म्हणजे साधारण ८० हजार रुपये. तेव्हा तो एकेरीत भारताचा एक नंबर आणि जगात १५९वा होता.

जगात १५९वा डॉक्टर, १५९वा वकील किती कमावत असेल, विचार करा. टेनिसमध्ये तेवढ्यावर घर चालत नाही.

कारण काय? रणजी खेळणाऱ्याचा प्रवास, हॉटेल असोसिएशन बघते, वर मॅच फी मिळते. टेनिसवाला स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. विमानाचं तिकीट, कोचचा पगार, कोचचं तिकीट, सगळं त्याच्या खिशातून. हरला तर पुढच्या सोमवारी दुसऱ्या देशात. दुखापत झाली की कमाई बंद, खर्च चालू.

सुमितनेच हिशेब मांडला होता. वर्षाचा खर्च ८० लाख ते १ कोटी, तोही एकच कोच सोबत ठेवून, फिजिओ नाही. वर्षभरात २४ स्पर्धा खेळून मिळाले सुमारे ६५ लाख. त्यातले १८ लाख एकट्या अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीतून, आणि तिथे तो हरला होता! मोठ्या स्पर्धेच्या उंबरठ्यावरचा पराभव लहान स्पर्धेतल्या विजेतेपदापेक्षा जास्त पैसे देतो.

हा काही नवखा पोरगा नव्हता. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला, शिक्षकाचा मुलगा. लहानपणी महेश भूपतीच्या योजनेत निवडला गेला. २०१५ मध्ये विम्बल्डनचं मुलांचं दुहेरी जिंकला. २०१९ मध्ये अमेरिकन ओपनला फेडररकडून पहिला सेट ६-४ घेतला, त्या रात्री अख्ख्या देशाला त्याचं नाव कळलं. पुढे २०२१ मध्ये कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं आणि २०२३ उजाडलं तेव्हा तो पाचशेच्याही खाली होता. त्या वेळी देशाला नाव आठवत नव्हतं.

तेव्हा त्याला इंडियन ऑइलचा पगार होता आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत होती. हो, आपल्या महाराष्ट्रातून. याचा अभिमान वाटावा. पण त्याच पुण्यात, बालेवाडीत, २०१८ पासून भरणारी देशातली एकमेव एटीपी टूर स्पर्धा २०२३ नंतर गेली. घरच्या स्पर्धेत आपल्या पोरांना वाइल्ड कार्ड मिळायचं, एक सामना खेळला तरी चार पैसे हाती यायचे. ते दार बंद झालं.

सुमितने मात्र सोडलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून आला आणि ३१वा मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरवण्याची १९८९ नंतरची ही पहिली वेळ. तेव्हा रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं होतं. या एका विजयाने सुमितला किमान १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर पक्के झाले, जवळपास ९८ लाख रुपये. फेब्रुवारीत चेन्नई जिंकून तो पहिल्या शंभरात गेला, जुलैत ६८वा झाला. २०२५ मध्ये पुन्हा दोनशेच्या बाहेर.

एटीपीने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली. २०२४ मध्ये १७६ ते २५० क्रमांकाला ७५ हजार डॉलर होते. चांगलंच आहे. पण सुमितच्या खर्चाशी ताडून बघा, अंतर कळेल. आणि २५१व्याचं काय?

आमच्या तालुक्यातही पोराच्या हातात रॅकेट देणारे आईबाप आहेत. त्यांना मी फेडररच्या सेटची नाही, ९०० युरोची गोष्ट सांगतो. पोराला थांबवा म्हणून नाही. पदक आलं की हार घेऊन धावणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारावं म्हणून: साहेब, पोरगं पाचशेव्या नंबरावर असताना त्याच्या कोचचं तिकीट कोण काढणार?